तांदळाच्या ताटातले नाव

लग्नाच्या धामधुमीतला सगळ्यात शांत क्षण कोणता, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, नव्या घरी लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाच्या ताटात नाव लिहिले जाते तो. माप ओलांडून झालेले असते, पाय दुखत असतात, शालूचे ओझे नकोसे झालेले असते. कोणीतरी ताटात तांदूळ पसरून ठेवते. नवरा सोन्याच्या अंगठीने त्यावर अक्षरे कोरतो, भोवतीच्या बायका वाकून वाकून वाचतात आणि पेढे वाटले जातात. माझ्या लग्नात, १९७८ साली, त्या ताटात जे नाव उमटले ते मी त्याआधी कधी ऐकलेही नव्हते. पाच मिनिटांनी माजघरातून कोणीतरी त्या नावाने हाक मारली. मी मागे वळून पाहिले नाही. सगळे हसले. मीही हसले.

ताटातले ते तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात जातात आणि आठवडाभरात शिजून संपतात. नाव मात्र राहते. ते रेशनकार्डावर चढते, मतदारयादीत जाते, आधार आणि पॅन कार्डावर छापले जाते आणि मुलगी लग्न होऊन परदेशी निघाली असेल तर पासपोर्टावरही जाते. तांदळातले नाव बोटाने मोडता येते. पासपोर्टावरचे मोडायला किती खटपट करावी लागते, हे मी गेल्या काही वर्षांत आमच्याच घरात पाहिले. तो घोळ ज्यांच्यामुळे झाला त्यांत पहिला नंबर माझा आहे. म्हणून हे लिहायला घेतले.

मी ३८ वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. लग्नसराई संपली की नुकत्याच लग्न झालेल्या मुली पासबुक घेऊन आमच्या काउंटरसमोर उभ्या राहायच्या. अर्ज, लग्नाचा दाखला, नमुना सहीचे नवे कार्ड. हातावरची मेंदी अजून पुरती गेलेली नसायची. नवी सही जमत नाही म्हणून त्या पैसे काढण्याच्या स्लिपच्या पाठीमागे चार-सहा वेळा सराव करायच्या. त्यातली एक अर्धी सही झाल्यावर थांबली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, जुनंच नाव ठेवलं तर चालत नाही का?’’ मी शिक्का उचलत तिला म्हटले, ‘‘चालतं गं, पण कशाला? पुढे घोळ होतात.’’ तिने सही पूर्ण केली.

हे वाक्य मी शेकडो वेळा बोलले असेन. पुढे तेच वाक्य मी माझ्या भाचीलाही ऐकवले.

एक मुलगी, तीन शब्द

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. फिजिओथेरपिस्ट. २०१९ च्या डिसेंबरात पुण्यात तिचे लग्न झाले. मुलगा मराठी, पण जन्म न्यू जर्सीतला, म्हणजे अमेरिकेचा नागरिक. लग्न झाल्यावर तो परत गेला आणि २०२० च्या सुरुवातीला त्याने बायकोला नेण्यासाठी तिकडच्या सरकारकडे अर्ज केला. पाठोपाठ करोना आला. मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीचे नेहमीचे व्हिसाचे काम थांबले. मुलगी माहेरी, नवरा साता समुद्रापलीकडे, आणि दोघांच्या मध्ये फोनचा पडदा. टाळेबंदी जरा सैल झाली तेव्हा मीच म्हटले, ‘‘रिकामी बसलीच आहेस, तर पासपोर्ट तरी सासरच्या नावाने करून घे. तिकडे गेल्यावर नवराबायकोचं आडनाव वेगळं दिसलं तर शंभर प्रश्न विचारतील.’’ वहिनीनेही मान डोलावली. एका एजंटाला गाठून २०२१ मध्ये नवा पासपोर्ट हातात आला.

आता इथे आपल्या मराठी नावाची गंमत पाहा. आपले नाव तीन शब्दांचे. पहिला शब्द स्वतःचा, दुसरा वडिलांचा, तिसरा आडनावाचा. ही रीत गुजरातेतही आहे, पण सगळ्या देशात नाही. तमिळनाडूत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावतात, आडनाव बहुधा नसतेच. आपल्याकडे लग्न झाले की मुलीच्या तीन शब्दांपैकी दोन बदलतात आणि ताटात नवे नाव लिहिले तर तिन्ही. मुलाचा एकही शब्द हलत नाही. पन्नास वर्षांपूर्वी याचे कोणाला काही वाटत नव्हते, कारण बाईच्या नावाचा कागदच नसायचा. ना खाते, ना पदवी, ना पासपोर्ट. आता प्रत्येक मुलीच्या मागे विसाव्या वर्षापर्यंतच कागदांची थप्पी उभी असते आणि त्या थप्पीतल्या प्रत्येक कागदावर तिचे माहेरचे नाव असते.

अमेरिकेत मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव नव्हे. ते त्या माणसाचे स्वतःचेच दुसरे नाव असते, आईबापांनी हौसेने ठेवलेले. आपल्या पासपोर्टावर तर रकाने दोनच, आडनाव आणि दिलेले नाव. मधला शब्द आपण ‘दिलेल्या नावा’च्या रकान्यात ढकलतो. म्हणजे तिकडच्या कारकुनाच्या लेखी लग्न झालेल्या मराठी मुलीचे स्वतःचे नावच मुळी तिचे आणि नवऱ्याचे मिळून झालेले असते! ज्यांच्या पासपोर्टावर नावाचा रकाना कोराच आहे आणि सगळे नाव आडनावाच्या रकान्यात गेले आहे, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या अमेरिकन व्हिसावर ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे छापली जातात. अर्थ इतकाच, की पहिले नाव माहीत नाही.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय आहे. पण ती मुले मोठी होऊन पासपोर्टाच्या दोन रकान्यांपुढे उभी राहतील तेव्हा चार शब्द बसवायचे कसे, हा विचार त्यांच्या आईबापांनी आतापासून केलेला बरा.

बायको नवऱ्यामागे, नाव बायकोमागे

अमेरिका म्हणजे बायकांना सगळे मोकळे रान, अशी आपली समजूत असते. नावाच्या बाबतीत तरी तसे नव्हते. ल्यूसी स्टोन नावाच्या बाईंनी १८५५ साली हेन्री ब्लॅकवेल यांच्याशी लग्न केले आणि आपले नाव तसेच ठेवले. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने बायकांना शाळासमितीच्या निवडणुकीपुरता मताचा अधिकार दिला तेव्हा या बाई नाव नोंदवायला गेल्या. नवऱ्याचे आडनाव लावल्याशिवाय नोंद होणार नाही, असे सांगण्यात आले. बाईंनी आयुष्यभर ज्या हक्कासाठी भाषणे केली, तो हक्क दारात आल्यावर सोडून दिला, पण नाव सोडले नाही. त्यांच्या नावाने १९२१ साली बायकांची एक संस्था निघाली. लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या नावाने अमेरिकेचा पासपोर्ट मिळाला तो १९२५ साली, डोरिस फ्लाइशमन यांना.

प्रश्न नुसत्या नावाचा नव्हता. १९०७ च्या कायद्याने अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केले की तिचे नागरिकत्वच जात असे. १९२२ मध्ये तो कायदा सैल झाला, पण ज्यांना अमेरिकेचे नागरिक होण्याचीच मुभा नाही अशा पुरुषांशी लग्न करणाऱ्या बायकांना त्यातून वगळले गेले. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला. त्यामुळे हिंदी माणसाशी लग्न केलेली अमेरिकन बाई आपल्याच देशात परकी ठरली. ही तरतूद १९३१ मध्ये गेली आणि हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार उघडले ते १९४६ साली. बायकोने नवऱ्याच्या मागून जावे आणि तिच्या नावाने, नागरिकत्वाने तिच्या मागून जावे, ही कल्पना फक्त आपल्या माजघरातली नाही. ती तिकडच्या कायद्याच्या पुस्तकातही होती.

न्यू जर्सी म्हटले की मला हटकून आनंदीबाई जोशी आठवतात. माहेरच्या यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले आणि गोपाळरावांच्या घरी त्या आनंदी झाल्या. आडनाव माहेरचेही जोशी, सासरचेही जोशी, म्हणून ते तेवढे वाचले. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात उतरल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. इंग्रजीत आपले आडनाव त्या शेवटी दोन ‘ई’ घालून लिहीत. एकविसाव्या वर्षी त्या पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि पोकिप्सी इथल्या स्मशानभूमीत कार्पेंटर घराण्याच्या दगडांमध्ये त्यांचा दगड आजही उभा आहे, त्या दोन ‘ई’च्या आडनावासह. त्यांच्यापुढे व्हिसा नव्हता, मुलाखत नव्हती. पण पदवीवर काय नाव लागावे आणि ते कसे लिहावे हे त्यांनी ठरवले आणि ते एकच नाव शेवटपर्यंत टिकले. आज अमेरिकेला निघालेल्या कुठल्याही मुलीने त्यांच्यापासून एवढे जरी घेतले तरी पुरे.

कागद काय मागतो?

आता मुद्द्याचे. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून तिकडे जायच्या मुख्य वाटा दोन. पहिली, लग्नाआधी ‘के-१’ नावाच्या व्हिसावर जायचे, उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न करायचे आणि मग तिथेच कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ग्रीनकार्डाचा अर्ज भरायचा. दुसरी, इथे लग्न करायचे, नवऱ्याने तिकडून ‘आय-१३०’ हा अर्ज भरायचा, तो मंजूर झाला की न्यू हॅम्पशायरमधल्या व्हिसा केंद्राकडे कागद पाठवायचे आणि शेवटी वकिलातीत मुलाखत द्यायची. माझी भाची दुसऱ्या वाटेने गेली.

दोन्ही वाटांवर एक नियम सारखा. व्हिसावर तेच नाव येते जे पासपोर्टावर असते, आणि विमानाच्या तिकिटावरही तेच असावे लागते. पहिल्या वाटेने जाणाऱ्या मुलीचे लग्नच झालेले नसते, म्हणून ती माहेरच्या नावाने जाणार हे उघड आहे. लग्नानंतर दाखला हाती आला की ग्रीनकार्डाचा अर्ज नव्या नावाने भरता येतो. मग काही दिवस पासपोर्टावर एक नाव आणि कार्डावर दुसरे, अशी अवस्था राहिली तरी आकाश कोसळत नाही. प्रवासात लग्नाचा दाखला जवळ ठेवायचा. मात्र न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत लग्नानंतर कोणते नाव लावणार, हे लग्नाच्या परवान्याच्या अर्जातच लिहून द्यावे लागते. तिथे घाईघाईत रकाना कोरा सोडला किंवा भलतेच लिहिले, तर पुढे दुरुस्तीचा ताप.

आणि ज्या भीतीने मी भाचीला सल्ला दिला ती भीती? आडनाव वेगळे दिसले तर लग्न खोटे समजतील, ही? कागदोपत्री लग्ने करून शिरणाऱ्यांवर तिकडच्या सरकारचा डोळा आहे, हे खरे. त्यासाठी १९८६ मध्ये वेगळा कायदा झाला. लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत तिकडे पोचलेल्या नवराबायकोला आधी दोनच वर्षांचे कार्ड मिळते आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा असतो. पण संसार खरा आहे की नाही हे बघताना ते घराचा भाडेकरार बघतात, दोघांचे मिळून असलेले बँकखाते बघतात, विम्यावर कोणाचे नाव आहे ते बघतात, फोटो बघतात, पत्रव्यवहार बघतात. बायकोने आडनाव बदललेच पाहिजे असा त्यांचा नियम नाही. आपल्याकडेही नाही. नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे असे सांगणारा कायदा भारतात नाही. पासपोर्टासाठी लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही, हे तर २०१७ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर भाषणात सांगितले.

कागद एवढेच मागतो, की ही जन्मदाखल्यावरची मुलगी, ही पदवीवरची मुलगी आणि ही माझ्यासमोर उभी असलेली बाई एकच आहे, हे दाखवा. त्याला आडनावाशी देणेघेणे नाही. त्याला धागा सलग हवा. तिकडच्या प्रत्येक अर्जात ‘आजवर वापरलेली इतर नावे’ असा रकाना असतो, तो त्यासाठीच.

आम्ही काय केले होते? नवऱ्याने अर्ज भरला तेव्हा भाचीचे नाव माहेरचे होते. लग्नाच्या दाखल्यावरही तेच. मध्येच पासपोर्ट बदलला. पोलिसांचा दाखला नव्या नावाने काढला, त्यात जुन्या नावाचा उल्लेख नव्हता, म्हणून तो पुन्हा काढावा लागला. २०२२ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली. खिडकीपलीकडच्या बाईंनी जुना पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला बघितला आणि दहा मिनिटांत काम झाले. तोपर्यंत लग्नाला दोन वर्षे उलटून गेली होती, म्हणून दोन वर्षांच्या कार्डाचीही भानगड उरली नाही. आम्ही पेढे आणले. जावईबापूंनी तिकडून तिकीट काढले ते मात्र सवयीने जुन्या नावाने! हे निघायच्या आदल्या रात्री लक्षात आले. ते निस्तरता निस्तरता पहाट झाली.

खरी परीक्षा पुढे होती. तिकडे फिजिओथेरपीचे काम करायचे तर राज्याचा परवाना लागतो आणि परवान्यासाठी इथल्या शिक्षणाची पडताळणी व्हावी लागते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. शिवाय आईचे नाव वेगळ्या ओळीत. पडताळणी करणाऱ्यांनी आडनावाला पहिले नाव समजून घेतले. पासपोर्टावर नवऱ्याचे नाव मधे आणि त्याचे आडनाव शेवटी. जन्मदाखल्यावर तर, त्या काळी व्हायचे तसे, मुलीच्या नावाची जागा कोरीच राहिली होती आणि नाव नंतर घातले गेले होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला, या सगळ्या बायका एकच आहेत हे कशावरून? त्या एका प्रश्नाचे उत्तर देता देता आठ महिने गेले. प्रतिज्ञापत्रे झाली, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव छापून आणणे झाले, विद्यापीठात खेटे घालणे झाले. ते खेटे मी घातले. प्रायश्चित्त म्हणा हवे तर.

त्या आठ महिन्यांतल्या एका रात्री तिचा फोन आला. तिकडे दुपार असावी. म्हणाली, ‘‘आत्या, आज दवाखान्यात नर्सने मला हाक मारली. आधी माझं नाव, मग ह्यांचं नाव, मग आडनाव. पुरुषाचं नाव ऐकून सगळे बघायला लागले. मला कळायलाच वेळ लागला की ती मलाच बोलावतेय.’’ मी हसायला गेले, तर ती रडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘बाबा कुठेच नाहीत गं. एकाही कागदावर नाहीत.’’

तिचे बाबा म्हणजे माझा दादा. २०१७ साली गेला. तिच्या नावातला मधला शब्द तो होता. लग्नात त्याचा फोटो मांडवात ठेवला होता आणि दोनच वर्षांत त्याच्या सख्ख्या बहिणीने, मी, त्याचे नाव त्याच्या मुलीच्या नावातून काढून टाकायला लावले होते. ‘पुढे घोळ होतात’ म्हणून.

मागितले कोणी?

मला आपले वाटत होते, तिच्या सासरच्यांना हे हवे असणार. अमेरिकेत राहत असले तरी घर आपल्यासारखेच, देवघर आहे, गणपती बसतो, सूनबाईने आपले नाव लावावे असे त्यांना वाटणारच. २०२३ मध्ये विहीणबाई पुण्याला आल्या तेव्हा मी धीर करून विषय काढला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, आम्ही कुठे सांगितलं होतं? पासपोर्ट बदलून आला तेव्हा आम्हाला वाटलं तुमच्याकडे तशी पद्धत असेल. म्हणून आम्ही काही बोललो नाही.’’ मग हळूच म्हणाल्या, ‘‘मी स्वतः चाळीस वर्षं माहेरच्याच नावानं नोकरी केली तिथे. पगाराच्या चेकवर तेच नाव.’’

मी गप्प झाले. सरकारने मागितले नव्हते, सासूने मागितले नव्हते, नवऱ्याने मागितले नव्हते. मग मागितले कोणी? आमच्या सवयीने. काउंटरमागे ३८ वर्षे बसून जी सवय मी स्वतः शेकडो मुलींच्या पासबुकांवर शिक्क्याने उमटवली, तिने.

मला नाव बदलणाऱ्या मुलींना नावे ठेवायची नाहीत. कित्येक मुलींना नवऱ्याचे आडनाव लावायला मनापासून आवडते. मुलांचे आणि आईचे आडनाव एक असावे असे वाटण्यात गैर काही नाही. एखादीला माहेरच्या नावाच्या आठवणीच नकोशा असतात आणि नवे नाव तिला सुटका वाटते. कॅनडातल्या क्विबेक प्रांताने १९८१ पासून कायदाच केला की लग्न झाले तरी बाईने व्यवहारात जन्माचेच नाव वापरायचे. मला तीही एक सक्तीच वाटते. जो माणूस त्या नावाने आयुष्य काढणार, त्याने ते ठरवावे. आणि घाबरून ठरवू नये.

व्यवहाराच्या बाजूने बघितले तर नाव बदलायला तीन वेळा सोयीच्या असतात. एक, अर्ज भरण्याआधी. मग पासपोर्टापासून पॅनपर्यंत सगळे एकदमच बदलावे, अर्धे टाकू नये. दोन, तिकडे पोचल्यावर, जरा स्थिर झाल्यावर. मिळालेल्या ग्रीनकार्डावरचे नाव बदलायचे तर त्यासाठी ‘आय-९०’ हा वेगळा अर्ज आहे आणि त्याचे पैसे पडतात, हे ध्यानात ठेवावे. तीन, नागरिकत्व घेताना. गैरसोयीची वेळ एकच, अर्ज चालू असताना मधेच. आम्ही नेमकी तीच निवडली. कोणतीही वेळ निवडली तरी जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून फेकू नये, लग्नाच्या दाखल्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती ठेवाव्यात, इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच असावे आणि हे सगळे एका फायलीत लावून ती फाइल हातातल्या पिशवीत न्यावी, सामानात नव्हे.

फॉर्मवरचा रकाना

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्याला, संसार एकत्र असेल तर, ग्रीनकार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. एरवी पाच वर्षे लागतात. भाचीची तीन वर्षे २०२५ च्या अखेरीस भरली. त्या अर्जात एक प्रश्न असतो, तुम्हाला तुमचे नाव कायदेशीररीत्या बदलायचे आहे का? हो म्हटले आणि शपथविधी न्यायालयात झाला, तर न्यायाधीश शपथेबरोबर नव्या नावाचाही हुकूम देतात आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर तेच नाव छापले जाते. तीच त्या नावाची पुढची साक्ष.

अर्ज भरताना तिने मला फोन केला. ‘‘आत्या, काय लिहू?’’ जिभेवर उत्तर आले होते. या वेळी मी ते गिळले. म्हटले, ‘‘बाळा, तू ठरव. मी फक्त स्पेलिंग तपासून देते.’’

तिने आडनाव नवऱ्याचेच ठेवले. ‘‘आता सवय झाली आणि पिल्लूचंही तेच आहे,’’ म्हणाली. मधल्या शब्दात मात्र नवऱ्याच्या जागी दादा परत आला. जावईबापूंना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘माझं नाव माझ्याजवळ आहे की! तिला कशाला दोनदा?’’ हे लिहीत असताना शपथविधी अजून व्हायचा आहे.

येत्या मार्गशीर्षात माझ्या पुतण्याचे लग्न आहे. घरातली मोठी म्हणून लक्ष्मीपूजनाचे ताट मला मांडायचे आहे. मी तांदूळ निवडून ठेवीन, अंगठी पुसून ठेवीन. पण या वेळी पुतण्याच्या हातात अंगठी देण्याआधी नव्या सुनेला बाजूला घेऊन विचारणार आहे, ‘‘काय लिहायचं गं?’’ ती म्हणाली नवे लिहा, तर नवे लिहू. आणि म्हणाली आहे तेच लिहा, तर आहे तेच लिहू. पेढे दोन्ही वेळी तेवढेच वाटायचे आहेत.